थकलेलं पाणी

धैर्यशील कुराडे सर सोमवार ते शुक्रवार जे शिकवत, ते शनिवारी मोडत.

गडहिंग्लजच्या त्या हायस्कुलात या तासाला ‘मोडायचा तास’ असंच नाव पडलं होतं. आठवडाभर सर उपमा देत. आवाजाची लाट म्हणजे तिकिटाच्या रांगेत मागच्यानं दिलेला धक्का. माणूस जागेवरच राहतो, धक्का तेवढा खिडकीपर्यंत पोचतो. गुरुत्वाकर्षण म्हणजे चौघांनी ताणून धरलेली सोलापुरी चादर आणि तिच्या मधोमध ठेवलेलं कलिंगड. कडेनं सोडलेली गोटी आपसूक कलिंगडाकडं जाते. चादर सरांच्या घरची असे आणि कलिंगड तासाच्या शेवटी कापलं जाई, त्यामुळं गुरुत्वाकर्षणावर मुलांची फार श्रद्धा होती. मग शनिवारी सर तीच चादर पुन्हा पसरून विचारत, आता सांगा, ही कुठं मोडते? मुलं डोकी खाजवत. शेवटी एखादं पोर म्हणे, सर, पण कलिंगड चादरीत खाली बसतंय ते गुरुत्वाकर्षणामुळंच की. म्हणजे जे समजवायचं होतं तेच आपण उसनं आणलं. सर खूश होऊन त्याला आलेपाकाची वडी देत.

“उपमा म्हणजे भाड्याची सायकल,” ते सांगत. “फिरा, मजा करा, पण संध्याकाळी दुकानात परत लावा. घरी नेली की चोरी.”

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग ठसा आला.

ठसा म्हणजे काय हे समजायला तवा पुरेसा आहे. लहानपणी एकदा तापलेल्या तव्याला बोट लागलं, की ‘तवा गरम असतो’ हे वाक्य पुढं कुणाला पाठ करावं लागत नाही. ते बोटाला ठाऊक असतं. डोकं दुसऱ्या उद्योगात असलं तरी बोट आपलं आपण मागं येतं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांच्या असं लक्षात आलं, की माणूस चकित झाला की पुढचे काही क्षण त्याच्या मेंदूत एक खिडकी उघडी राहते आणि त्या वेळात आत शिरलेलं कायमचं मुक्कामाला राहतं. मग कपाळाला बांधायची एक पट्टी निघाली. खिडकी उघडल्याचं ती ओळखे आणि नेमकी त्याच क्षणी, हलक्या चुंबकी स्पंदनांनी, दुसऱ्या माणसाचा अनुभव आत सोडे. शब्द नव्हे, चित्र नव्हे, थेट अंगाला आलेला अनुभव. तो आधी शिक्षकाच्या कपाळाला तसलीच पट्टी बांधून उचलून घेतलेला असे. शिक्षकानं एकदा गार पाण्यात हात घातला की तो गारवा राज्यातल्या सगळ्या आठवीच्या हातांत. यंत्राची एकच खोड होती. शिक्षक तोंडानं काय बोलतोय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. त्या क्षणी त्याच्या अंगात सगळ्यात ठळक जे असेल, तेवढंच ते उचले.

पट्टीच्या दोन्ही बाजूंनी कानांवरून तारा लोंबत, म्हणून मुलं तिला मुंडावळ्या म्हणू लागली. वर्गात पाऊल टाकलं की सामुदायिक विवाहाला आल्यासारखं वाटे. फक्त नवरे-नवऱ्या सगळे आठवीतले आणि मंगलाष्टकं न्यूटनची.

कंपनी पुण्याची. उत्तम शिक्षक शोधत तिची माणसं राज्यभर फिरत होती, ती फिरत फिरत कुराडे सरांच्या थकलेल्या पाण्यापाशी आली.

हा सरांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग. उंच स्टुलावर पाण्याची टाकी, तिच्यातून खाली येणारी नळी, मध्ये प्लॅस्टिकचं चक्र, आणि चक्र फिरवून झालं की दुसऱ्या नळीतून पाणी घमेल्यात. चक्राच्या अलीकडं हात धरला तर पाणी थाडथाड लागे. पलीकडं धरला तर नुसतं ओघळे.

“वरची नळी म्हणजे लाल वायर,” सर सांगत. “चक्र म्हणजे बल्ब. आणि खालची नळी म्हणजे काळी वायर. तिच्यातलं पाणी काम करून दमलंय. कामावरून सुटलेला माणूस कुणाच्या अंगावर जातो का? तो चपला काढतो आणि आडवा होतो.”

वर्ग हसे. आणि शनिवारी सर खालच्या नळीच्या तोंडात बोळा कोंबत. चक्र थांबे. आता या नळीतलं पाणी दमलंय का, असं विचारून ते बोळ्याशेजारी नळीला सुईनं टोचत, आणि चिळकांडी थेट पहिल्या बाकावर. जायची वाट बंद झाली, की काम नाही. काम नाही तर दमणं नाही. टाकीचा सगळा जोर खालच्या नळीत येऊन उभा. मग ते खरी वायर घेत, बल्बच्या पलीकडं काळी वायर तोडत, आणि बल्बाकडच्या टोकाला टेस्टर लावत. बल्ब विझलेला आणि टेस्टर लखलखीत. वर्गाचं हसू तिथं संपे.

“काळी वायर पुढं कुठं तुटली असेल, तर अलीकडं ती लालच असते,” सर म्हणत. एवढं एक वाक्य. त्याला शनिवार लागे.

कंपनीकडून स्वरा दाबके नावाच्या बाई आल्या. वयानं लहान, वागायला अतिशय नम्र, नकारसुद्धा होकारासारखा द्यायच्या. त्यांनी सरांच्या कपाळाला पट्टी बांधली. सरांनी घमेल्याच्या नळीखाली हात धरला. दिवसभर शिकवून ते खरोखरच दमले होते. पाणी तळहातावरून ओघळलं आणि त्यांना बरं वाटलं. यंत्रानं ते बरं वाटणं उचललं. राज्यातल्या मुलांनी मुंडावळ्या बांधून काळ्या वायरचा धडा घेतला, की त्यांचा तळहात सैल पडे, खांदे उतरत, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटे.

प्रत्येक पट्टीवर एक बारका दिवा असायचा. मूल रंगलं की हिरवा, गोंधळलं की पिवळा. सोमवार ते शुक्रवार सरांचा वर्ग भाताच्या खाचरासारखा हिरवागार दिसायचा. शनिवारी मात्र त्याला कावीळ व्हायची.

दाबके बाईंनी फार जपून विषय काढला. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलांना एकदा पटलेलं पुन्हा मोडलं की आकडे पिवळे पडतात, आणि पिवळा धडा वरून पास होत नाही. शनिवार वगळला तर चालेल का? ठसा तर पक्का बसलेलाच असतो.

सरांनी पुढ्यातल्या वर्गाकडं पाहिलं. तो शुक्रवार होता. इतकं हिरवं त्यांनी नोकरीच्या उभ्या काळात पाहिलं नव्हतं. आईवडिलांनी त्यांचं नाव धैर्यशील ठेवलं होतं, पण ते काही कपाळाला पट्टी बांधून ठेवलं नव्हतं.

“बघा बुवा,” सर म्हणाले, “तुम्ही म्हणता तर.”

पुढच्या शनिवारी आठवीतली समीना मुजावर स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांचा, दस्तगीरभाईंचा, मंडप आणि लायटिंगचा धंदा. ही त्यांच्याबरोबर तारा ओढत वाढलेली. मोडायच्या तासाची वाट बघत आठवीत आली होती.

“सर, आज मोडायची न्हाई?”

“आता मोडायची गरज नाही, बाळ,” सर पेपर तपासत म्हणाले. “आता ठसा आहे.”

समीना बरं म्हणाली आणि गेली. आलेपाकाची वडी त्या आठवड्यात सरांनी स्वतःच खाल्ली.

मग वर्षं गेली. शनिवारी सुटी मिळू लागली म्हणून त्यांच्या पत्नीला, वैशालीबाईंना, बरं वाटलं. सर राज्यभर ओळखले जाऊ लागले. कुठल्याही गावी गेले की अनोळखी पोरं येऊन पाया पडत आणि सांगत, सर, तुमचं थकलेलं पाणी अजून हातात आहे. सरांना धन्य वाटे.

मंगल कार्यालयातल्या अपघाताची बातमी त्यांना भाजी घेताना कळली. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता सांगितलं, की मुजावरांच्या पोरीला हळदीच्या कार्यक्रमात झटका बसला, शिडीवरून खाली आली. जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं. सरांनी विचारलं, कुठल्या वायरचा? भाजीवाल्याला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. वायर ती वायर.

सर शहाळं घेऊन दवाखान्यात गेले. समीनाचं मनगट प्लॅस्टरमध्ये, तळहाताला जाड पट्टी. दस्तगीरभाई लगबगीनं उठले आणि त्यांनी स्वतःचं स्टूल रुमालानं पुसून सरांना दिलं. त्या रुमालानंच सरांचं निम्मं अवसान गेलं.

“एवढ्या उन्हाचं कशाला आलासा, सर?” समीना उठायचा प्रयत्न करत म्हणाली.

दस्तगीरभाईंनी सगळी हकिगत सांगितली. मांडवातली अर्धी लायटिंग गेली होती. मेन बोर्डापाशी काळ्या वायरचा जोड सुटला होता, पण ते नंतर कळलं. समीना शिडीवर चढली. पोरीचं काम तसं चोख, आयटीआय पास झालेली, टेस्टर कायम खिशाला. आणि तरी असं झालं. हळदीला आलेली मंडळी मात्र मायाळू. नवरीचा मामा अंगाला हळद लागलेला तसाच गाडी काढून दवाखान्यात आला.

“लाल वायरला टेस्टर लावलास?” सरांनी विचारलं.

“लावला की.”

“आणि काळीला?”

समीनानं पट्टी बांधलेला तळहात उलटसुलट करून बघितला. “तेच कळंना झालंय, सर. काळी पण तपासायची, हे आयटीआयच्या पेपरात लिहून आलोय आम्ही. डोक्याला माहीत होतं. हातानं डोक्याला विचारलंच न्हाई.” मग जरा ओशाळून म्हणाली, “हात तिकडं गेला तवा कसं वाटलं सांगू? दिवसभर राबून घरी आल्यागत.”

ते घर कुणाचं, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. तो मांडीवर अगदी निर्दोष पडला होता.

“समीना,” सर म्हणाले, “चूक तुझी नाही. ती माझी आहे.”

“बघा,” दस्तगीरभाई शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, “ह्याला म्हणायचं शिक्षक. पोरीची चूक बी आपल्या अंगावर घेत्यात.”

सरांनी दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. ठसा, शनिवार, बोळा, सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांची थोरवी वाढतच गेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं पडल्या पडल्या हात जोडले. निघताना दस्तगीरभाई दारापर्यंत आले आणि म्हणाले, धाकटी हिना यंदा तुमच्याच वर्गात आहे, तिला सांगून ठेवलंय, काय वाटेल ते बुडव पण कुराडे सरांचा तास बुडवायचा नाही.

घरी सरांना जेवण गेलं नाही. वैशालीबाईंनी ताटातली भाकरी दोनदा गरम करून दिली आणि तिसऱ्यांदा झाकून ठेवली.

“अहो, शहाळं दिलंत ना?”

“दिलं.”

“मग अजून काय धरून बसलाय हातात?”

हातात काही नव्हतं. सरांनी तरी तो धुतला.

आठवीला पुढचं प्रकरण विजेचंच होतं. हिना मुजावर पहिल्या बाकावर बसून मुंडावळ्या सारख्या करत होती. सरांनी ठसा सोडायच्या बटणापाशी हात नेला, मागं घेतला आणि आवाजाचं प्रकरण आधी काढलं. मुलांना तिकिटाची रांग आवडली, वर्ग हिरवा झाला, आणि सरांना त्या हिरव्याकडं बघवेना. कारण त्याच वेळी राज्यातल्या कितीतरी शाळांत कितीतरी शिक्षक ते बटण दाबत होते, आणि त्यांच्याकडं आवाजाचं प्रकरण आधी काढायला काही कारण नव्हतं.

त्यांनी दाबके बाईंना बोलावून घेतलं. बाई लगेच आल्या. आरशांचा नवा धडा सरांनी द्यावा म्हणून त्या महिनोन् महिने मागं लागल्या होत्या. प्रयोगशाळेत बसून त्यांनी समीनाची हकिगत ऐकली आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मग त्या म्हणाल्या, की धड्याच्या शेवटी एक सूचना टाकता येईल. विद्युत उपकरणं हाताळताना योग्य ती काळजी घ्यावी.

“अक्षरांत?” सरांनी विचारलं.

“हो, ठळक अक्षरांत.”

“बाई, तवा गरम आहे अशी पाटी वाचून कुणाचं बोट मागं आलंय?”

 ठशाची गंमत बाईंना सरांपेक्षा जास्त ठाऊक होती. तो पुसता येत नाही, हे जाहिरातीत मोठ्या अभिमानानं लिहिलेलं होतं. खरं जे असेल ते जन्मभर टिकतं, हे सगळ्यांनी वाचलं; खोटंही तेवढंच टिकतं, हे वाचायचं राहून गेलं. त्याच्यावर उपाय एकच, दुसरा ठसा. पहिल्याच्या वर बसेल असा, आणि त्याच्याहून ठळक. पण मोडणारा धडा पिवळा पडतो, आणि पिवळा धडा…

“आधी हे घ्या,” सर म्हणाले. “मग तुमचे आरसे.”

बाईंनी मान डोलावली. मग पर्स आवरता आवरता अगदी नम्रपणे त्या म्हणाल्या, “सर, शनिवार काढला तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हता.”

“नव्हतो,” सर म्हणाले.

त्या वाक्यात काही मोडण्यासारखं नव्हतं.

सरांनी बेत नीट आखला. लाकडी फळीवर बल्ब, लाल वायर, काळी वायर. काळी पुढं तोडायची. हात टेकायच्या जागी एवढा मोठा रोध बसवला, की झटका लागला तरी मुंगी चावल्याएवढाच लागावा. यंत्र तो झटका उचलेल. मुलांच्या हाताला काळी वायर एकदा चावली, की थकलेल्या पाण्याची ओढ संपली. प्रयोग म्हणून सुरेख होता. एकच उणीव होती. सर वायरला हात लावणार हे सरांना आधीच माहीत होतं, आणि माहीत असलेल्या झटक्याला अंग फारसं दचकत नाही. म्हणून वायर कधी तोडायची ते दुसऱ्याच्या हाती असायला हवं होतं. त्यांनी समीनाला निरोप पाठवला. कारण एवढंच कळवलं, की मोडायची आहे.

ती आली. प्लॅस्टर निघालं होतं, पण दोन बोटांना अजून स्पर्श कळत नव्हता. रिक्षात तिनं सुटे पैसे काढले ते हातातून कधी पडले ते तिला समजलं नाही, रिक्षावाल्यानं गोळा करून दिले, हे तिनं हसत सांगितलं. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या टाकी, नळी, चक्र बघून तिचा चेहरा आठवीतल्यासारखा झाला. सरांनी तिला फळीच्या पलीकडं उभं केलं. काळ्या वायरमध्ये बसवलेला खटका तिच्या हाती दिला आणि सांगितलं, तुला वाटेल तेव्हा पाड, की वायर तुटली. दाबके बाईंनी सरांच्या कपाळाला पट्टी बांधली आणि यंत्राच्या पडद्यापाशी जाऊन बसल्या.

सरांनी काळ्या वायरवर हात ठेवला. बल्ब जळत होता. हात अर्थातच सैल पडला, खांदे उतरले. त्यांचाच ठसा तो, त्यांनाही लागू होता.

समीनानं खटका पाडायला हात पुढं केला. सवयीनं उजवा. बोटं खटक्यावर टेकली, पण टेकली आहेत की नाही हे तिला कळेना, म्हणून तिनं खाली वाकून डोळ्यांनी बघितलं. मग ती वर बघून म्हणाली, “सर, मी तवा विचारायला आले होते, आठवतंय? मोडायची न्हाई का म्हणून.”

“आठवतंय.”

“तुम्ही म्हणालासा, आता गरज न्हाई.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी गंमत आठवावी तसं बोलली. “मला लई वाईट वाटलं हुतं. मी शोधून ठिवलं हुतं की, कुठं मोडती ते. खालची नळी बंद केली तर, असं.”

आणि तिनं खटका पाडला.

बल्ब विझला. सरांनी हात मागं घेतला. दाबके बाई बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या.

“झटका आलाच नाही, सर,” त्या म्हणाल्या.

“आला की. मुंगी चावली.”

“तुम्हाला आला असेल. यंत्रात नाही आलेला. त्याच्यापेक्षा ठळक दुसरंच काहीतरी होतं, तेच त्यानं उचललंय.” बाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. “हे काय आहे मला ओळखू येत नाही. याला आमच्याकडं रंगच नाही.”

असं अनोळखी काही आलं, की कंपनीच्या माणसानं ते आधी स्वतःवर घेऊन बघायचं, असा नियम होता. बाईंनी मुंडावळ्या बांधल्या. सरांनी टाकीतलं पाणी सोडलं, नळीत बोळा कोंबला, सुईनं टोचलं. चिळकांडी बाईंच्या पर्सवर उडाली, त्या चकित झाल्या, खिडकी उघडली आणि ठसा बसला. मग सरांनी त्यांच्यापुढं काळ्या वायरचा एक तुकडा धरला, कशालाही न जोडलेला. बाईंनी हात पुढं केला. बोटं वायरपासून वीतभर अंतरावर थांबली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. वर्गात काहीतरी फोडून ठेवलंय आणि अजून कुणाला सांगितलेलं नाही, अशा मुलाचा होतो तसा.

“सॉरी,” बाई त्या वायरला म्हणाल्या.

मग त्यांना आपलंच नवल वाटलं आणि त्यांनी डोळे पुसले.

सर म्हणाले, हे नको, पुन्हा घेऊ. मुलांच्या हातात द्यायची ही वस्तू नव्हे. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच आलं. समीनाला बाहेर उभं करून घेतलं, तरी तेच आलं. शेवटी बाईंनी हिशेब मांडला. हा ठसा हिरवा नाही हे खरं. पण पिवळाही नाही. आणि वरच्या लोकांच्या नियमात एवढंच लिहिलंय, की पिवळा असलेला धडा पास करू नये.

धडा पास झाला. जुन्या मुलांनाही तो पाठवण्यात आला. कंपनीनं कारण दिलं, ‘अधिक समृद्ध अनुभव.’

त्यानंतर राज्यात थोडे विचित्र प्रकार दिसू लागले. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेली पोरं मध्येच थांबून आईला विचारत, मी तुला कधी उलटून बोललोय का गं? वायरमन लोकांच्या एका मेळाव्यात सगळे तरुण वायरमन काळ्या वायरपाशी आले की मान खाली घालतात, असं एका जुन्या वायरमननं जाहीरपणे सांगितलं. पण टेस्टर लावल्याशिवाय आता एकही जण हात घालत नाही, असंही सांगितलं. विजेचं प्रकरण शिकून आलेली हिना मुजावर घरी वडिलांना विनाकारण चहा करून देऊ लागली. दस्तगीरभाईंना यात सरांचे संस्कार दिसले. त्यांनी सरांच्या घरी पेढे पाठवले. सरांनी पुडा उघडलाच नाही. वैशालीबाईंनी शेजारी वाटून टाकले.

समीना पुन्हा कामावर चढायला लागली. सर एकदा मुद्दाम, जाता जाता दिसलं असं दाखवून, ती काम करत होती त्या मांडवात गेले. दुपारची वेळ. खुर्च्या अजून उतरायच्या होत्या. समीना शिडीच्या खालच्या पायरीवर बसून जोड सोडवत होती. तिनं लाल वायर तपासली. मग काळीपाशी हात गेला आणि थांबला. ठसा तिनंही घेतला होता. सर नको म्हणत होते तरी घेतला होता.

“सर, एक विचारू का?” ती म्हणाली. “हितं हात आला की वाटतं, आपण कुणाचं तरी वाईट केलंय, आणि त्या माणसानं आपल्याला बसायला स्टूल पुसून दिलंय. मी तर कुणाचं काय केलेलं न्हाई.”

“ते तुझं नाही,” सर म्हणाले. “ते माझं आहे.”

या वेळी मांडवात दस्तगीरभाई नव्हते आणि हात जोडायला शेजारची खाटही नव्हती. समीनानं सरांकडं नीट पाहिलं. एखादा प्रयोग फळ्यावर उमगला नाही आणि टेबलावर उमगला की मुलं बघतात तसं.

“आता एवढ्या सगळ्यांस्नी वाटलंसा,” ती म्हणाली. “मग तुमचं कमी झालं असंल की.”

सरांनी नेहमीच्या सवयीनं उपमा शोधली. ती लगेच सापडली. “शेजारणीला विरजणाला चमचाभर दही दिलं, तर तिच्या घरी पातेलंभर होतं. पण म्हणून आपल्या पातेल्यातलं कुठं कमी होतं?”

समीना हसली. तिनं खिशातून टेस्टर काढला.

“आणि ही कुठं मोडती, सर?”

मांडवातला पंखा कुणीतरी चालू करून बघत होतं. 

“दही आंबट झालं की टाकून देता येतं,” सर म्हणाले.

समीनानं मान हलवली. तिच्याकडं आलेपाकाची वडी नव्हती. तिनं टेस्टर काळ्या वायरला लावला. त्यातला दिवा लागला नाही. तरी तिनं हात लगेच पुढं केला नाही.